तीस मिलिमीटर

सागवानाची चौकट, वर बारा मिलिमीटरची प्लाय, डावीकडे गोल मुठीची दांडी आणि उजवीकडे बोटांच्या ठेवणीप्रमाणे किंचित कमानीत कापलेली सहा भोकं. जुने व्हिडिओ गेम घरच्या टीव्हीवर खेळता यावेत म्हणून नारायणगावातल्या एका सुताराकडून ही पेटी मी करून घेतली. चौकट त्यांनी जोडली. भोकं पाडायला पीओपीच्या छतात दिवे बसवणाऱ्या एका मुलाचा होल सॉ आणला. प्रत्येक भोकाचा व्यास ३० मिलिमीटर. पेटीत दांडी आहे, तारांची जुडी आहे, इवलासा बोर्ड आहे. पण सगळ्यांत जपावंसं वाटतं ते हे माप.

पहिली बटणं किटबरोबरच आली होती. पावसाळ्यात ती चिकटू लागली. दाबलेलं बटण वर येताना अडखळायचं, एखादं दाबूनही पडद्यावरचा गडी ढिम्म उभा राहायचा. बाकी पेटी ठणठणीत होती, म्हणून बटणं तेवढी बदलायची ठरवली, आणि त्या निवडीत मी खोल शिरत गेलो. बटण ही वस्तू छोटी, पण माणसाची आणि यंत्राची गाठ पडते ती तिथेच. बोट जे काही सांगतं ते एवढ्याशा टोपीवर सांगतं, आणि यंत्राने ते ऐकलं की नाही हेही बोटाला तिथेच कळायला हवं.

जपानी आर्केडसाठी बटणं बनवणाऱ्या सान्वा देन्शी आणि सेइमित्सु या दोन कंपन्या एकमेकींच्या जुन्या स्पर्धक. दोघींच्या बटणाची उसळी वेगळी, आवाज वेगळा, प्लास्टिकची झाकही वेगळी. पण मुख्य बटणाचं भोक ३० मिलिमीटरचं आणि ‘स्टार्ट’च्या लहान बटणाचं २४ मिलिमीटरचं, हे दोघींकडे सारखंच. अमेरिकेची रीत निराळी. तिथलं भोक एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचं, म्हणजे साडेअठ्ठावीस मिलिमीटरच्या आसपास. अमेरिकी बटण जपानी भोकात थोडं सैल का होईना बसतं. जपानी बटण अमेरिकी भोकात शिरत नाही, कानस घेऊन भोक मोठं करावं लागतं. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही अशा कारागिरांनी एक आकडा मान्य केला आणि पाळला. म्हणून तर आमच्या सुताराने पाडलेल्या भोकात जपानच्या कारखान्यातलं बटण पहिल्याच प्रयत्नात बसतं. माप ठरलेलं असलं की त्यात काय बसवायचं हे ठरवायला माणूस मोकळा होतो. बटणं शोधताना ही गोष्ट मला जितकी लख्ख दिसली तितकी आधी कधी दिसली नव्हती.

आमच्या पिढीची बोटं या बटणांवर तयार झाली ती १९९० च्या दशकात, एसटी स्टँडच्या आसपासच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ त्याच्या खऱ्या नावाने आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हता. त्यातल्या एका पात्रावरून तो सगळ्या देशात ‘मुस्तफा’ झाला, तसाच आमच्याकडेही. पुढे १९९७ चा ‘किंग ऑफ फायटर्स’ आला. त्याला चार बटणं. बनवणाऱ्या कंपनीने त्यांचे रंग ठरवून दिलेले: लाल, पिवळं, हिरवं, निळं. पार्लरपर्यंत येताना तो क्रम कधीच मोडलेला असे. एक बटण मोडलं की मालक डब्यात जे सापडेल ते बसवायचा. कधी दोन पांढरी, कधी तीन लाल. आम्ही रंगाने बोलतच नसू. ‘पहिलं-तिसरं एकदम’ असं म्हटलं की दोस्ताला कळायचं. बोटांनी जागा पाठ केल्या होत्या.

त्या पार्लरचं एक मोठं ऋण माझ्यावर आहे. खेळ चालू असताना बटण गेलं तर मालक स्क्रूड्रायव्हर घेऊन येई, पाटी वर उचले, आणि आतलं सगळं आमच्यासमोर उघडं पडे. रंगीत टोपीखाली एक काळी चौकोनी डबी, तिला दोन तारा. तो डबी ओढून काढी, दुसरी खोचे, पाटी खाली, खेळ सुरू. रांगेतल्या मुलाचं नाणं अजून मुठीतच असे. यंत्र उघडता येतं, त्यातला बिघडलेला तेवढाच भाग काढता येतो आणि त्या जागी दुसरा बसतो, हे मी शाळेत शिकलो नाही, तिथे शिकलो.

ती काळी चौकोनी डबी म्हणजे मायक्रोस्विच. तिची मूळ युक्ती १९३२ ची, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रीपोर्ट गावच्या पीटर मॅकगॉल यांची. आत धातूच्या पातळ पट्टीची स्प्रिंग असते, मुद्दाम ताणात बसवलेली. बटण हळूहळू दाबत गेलं तरी एका बिंदूपर्यंत पट्टी जागची हलत नाही. तो बिंदू ओलांडला की ती एकदम पलीकडे उडी मारते आणि संपर्क जुळतो. म्हाताऱ्या माणसाने सावकाश दाबलं काय किंवा पोराने आवेशाने हाणलं काय, उडीचा वेग पट्टीच ठरवते. ‘टिक्’ असा जो आवाज येतो तो त्या उडीचा, आणि त्याच क्षणी बोटाच्या टोकाला एक हलकीशी सुटका जाणवते. त्या सुटकेमुळेच न पाहता कळतं की काम झालं.

खेळांच्या बटणांच्या इतिहासात मला फार आवडणारी गोष्ट ‘स्ट्रीट फायटर’ची. १९८७ च्या पहिल्या खेळाच्या एका यंत्राला सहा बटणांऐवजी दोन मोठ्या रबरी गाद्या होत्या, एक ठोशाची आणि एक लाथेची. जितक्या जोराने हाणाल तितका पडद्यावरचा वार जबर. माणसं घाम गाळून त्या गाद्या बडवीत. हातही दुखत आणि यंत्रंही मोडत. मग गाद्या गेल्या आणि सहा बटणं आली: हलका, मध्यम, जोरकस ठोसा आणि तशाच तीन लाथा. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने हीच मांडणी जगभर नेली. दंडातलं बळ संपलं आणि निवड सुरू झाली. किती जोराने मारायचं हे आता दाबण्याच्या ताकदीवर नव्हतं, कोणतं बटण निवडलं यावर होतं. सात-आठ वर्षांच्या काटकुळ्या मुलाला पहिलवानासमोर उभं राहता आलं ते या सहा भोकांमुळे.

बटणं शोधायला सुरुवात केली ती घरापासून. मोटार रिवायंडिंगचं दुकान असलेला माझा एक मित्र आहे. त्याला विचारलं तर त्याने खोक्यातून हिरवं-लाल जोडीचं बटण काढून टेबलावर ठेवलं. ‘हे घे. विहिरीवर उन्हापावसात वर्षानुवर्षं टिकतं, तुझ्या खेळाला काय धाड भरणार?’ बटण खरोखर दणकट होतं. त्याचं भोक साडेबावीस मिलिमीटरचं. कारखान्यांच्या आणि पंपांच्या पॅनेलवर जगभर बहुतेक हेच माप चालतं. मी ते हातात घेऊन बराच वेळ दाबत बसलो आणि जुन्नर-आंबेगावातली माणसं रोज जे बटण दाबतात त्याचा विचार करत राहिलो.

या दोन तालुक्यांत बटण म्हटलं की पहिल्यांदा स्टार्टरच आठवतो. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं इथलीच: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे. कालव्यांचं पाणी झिरपून विहिरींना उतरतं आणि विहिरींवरच्या मोटारी ते ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षांना पोचवतात. प्रत्येक मोटारीच्या डोक्यावर एक पत्र्याची पेटी, पेटीवर हिरवं आणि लाल बटण. हिरवं कडेच्या कड्यात बुडालेलं, म्हणजे चुकून कुणाचा धक्का लागून मोटार सुरू होऊ नये. लाल बाहेर आलेलं, म्हणजे घाईत तळहाताने ठोकलं तरी बंद व्हावी. हा फरक ज्याने कुणी पहिल्यांदा केला त्याने माणसाच्या भीतीचा नीट विचार केला होता.

त्या हिरव्या बटणाचं आतलं काम आणखी सुंदर आहे. बोट ते क्षणभरच दाबतं. तेवढ्या वेळात कॉइलला वीज मिळते, कॉइल लोखंडी जिभेला ओढून घेते, मोटारीचे तिन्ही फेज जुळतात आणि त्याबरोबर एक लहान संपर्क जुळतो, जो कॉइलला वीज देत राहतो. बोट निघून गेलं तरी पकड राहते. लाइट गेली की मात्र पकड सुटते, आणि लाइट परत आली तरी मोटार आपणहून सुरू होत नाही. कुणी विहिरीत उतरलेला असेल, कुणाचा हात पंख्याजवळ असेल, म्हणून यंत्राने माणसाची वाट पाहायची असा तो नियम आहे. नियम चांगला. पण शेतीची थ्री फेज लाइट मोजक्या तासांची, आणि तीही काही दिवस रात्रीची. मग रात्री लाइट आली की बॅटरी घेऊन बांधावरून विहिरीपर्यंत जावं लागतं, केवळ एकदा हिरवं बटण दाबायला. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत, उसात बिबट्या असतो हे आता सांगावं लागत नाही. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र इथे उगीच उभं राहिलेलं नाही. दिवसा वीज द्या ही मागणी इथली माणसं जीव मुठीत धरून करतात. एका बटणाच्या दाबासाठी इतकं मोल मोजणारी माणसं मला माहीत आहेत, त्यामुळे बटण या वस्तूकडे हलकेपणाने बघणं मला जमत नाही.

काहीजण ‘ऑटो’ बसवतात. लाइट आली की तो माणसाच्या जागी बटण दाबतो. पण गावातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या, आणि मोटार उठताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, की डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळतो आणि सगळं शिवार आठवडाभर अंधारात. महावितरण ऑटो काढा म्हणतं ते त्यासाठी. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे, आणि अशी दोन्हीकडून खरी असलेली अडचण बटण बदलून सुटत नाही.

मित्राने दिलेलं ते दणकट बटण माझ्या पेटीला मात्र चालणारं नव्हतं, आणि त्याचं कारण स्प्रिंगच्या ताठपणापेक्षा खोल आहे. स्टार्टरच्या बटणातून कॉइलची वीज जाते, ४१५ व्होल्टची. दर वेळी वीज जोडताना किंवा तोडताना आत बारीक ठिणगी पडते. चांदीच्या संपर्कावर दमट हवेने धरलेली काळपट पुटी ती ठिणगी जाळून टाकते. वापरात असलेलं बटण स्वतःला घासून लख्ख ठेवतं. माझ्या पेटीतला बोर्ड चालतो ३.३ व्होल्टवर, आणि बटणातून जाणारा प्रवाह एका मिलिअँपिअरहून कितीतरी कमी. एवढ्या विजेने ठिणगी पडत नाही. पुटी साचत जाते आणि एके दिवशी दाबूनही काही होत नाही. अशा मंद प्रवाहासाठी संपर्कावर सोन्याचा पातळ मुलामा दिलेले स्विच मिळतात, कारण सोनं काळवंडत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मी या मुलाम्याची चौकशी इतकी चिकाटीने केली ती त्या हवेमुळे.

ठिणगी म्हटली की नारायणगावच्या माणसाला आणखी एक गोष्ट आठवते. प्रत्येक ठिणगीतून रेडिओलहरी सुटतात, आणि आमच्या शेजारी खोडदला आणि आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी ऐकत उभ्या आहेत. विजेच्या सैल तारेवरची ठिणगी तिथल्या शास्त्रज्ञांना अडथळा ठरते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आम्ही मुलांना तिकडे घेऊन जातो तेव्हा मी त्यांना तबकड्यांइतकंच हेही सांगतो, की आपल्या घरातलं बटणही एक बारीकसा शब्द आकाशात टाकत असतं.

मग पुण्याला गेलो. नारायणगावाहून शिवाजीनगरची एसटी, तिथून बुधवार पेठेत तपकीर गल्ली. या गल्लीत तासन् तास घालवलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की विजेवर चालणाऱ्या कोणत्याही गोष्टीचा सुटा भाग तिथे कुणाच्या तरी फळीवर असतो. तिथे मला अमेरिकी ढंगाची बटणं मिळाली. टोपी मध्ये खोलगट, दांडा लांब, खाली सुटी मायक्रोस्विच लटकवलेली. पार्लरमधली आमची बटणं याच घराण्यातली. दाबायला लांबचा प्रवास, शेवटी ठसठशीत टिक्. बोट त्या खळग्यात निवांत बसतं. जपानी बटणं मुंबईहून कुरिअरने मागवली. त्यांची टोपी वरून फुगीर आणि प्रवास इतका आखूड, की बोट नुसतं टेकवलं तरी काम होतं. पहिल्यांदा हात लावणारा दचकतो. जिथे क्षणात तीनदा दाबायचंय तिथे ही चपळाई लाखमोलाची; जिथे एखादं बटण चुकूनही दबता कामा नये तिथे तीच वैरीण.

निवड बोटाच्या आवडीपर्यंत येण्याआधी काही व्यवहार आडवे आले, आणि ते सांगायला हवेत, कारण बटण विकत घेणारा नेमका तिथेच अडकतो. जपानी बटणं दोन तऱ्हेची. एकाला दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या जिभा; भोकात दाबलं की जिभा पाटीला खालून पकडतात. पातळ पत्र्याला हे उत्तम. माझ्या बारा मिलिमीटरच्या प्लायमध्ये त्या जिभांना धरायला काठच मिळत नाही. दुसऱ्या तऱ्हेला आटे असतात आणि खालून नट आवळायचा. जाड लाकडाला तेच हवं. पण नट भोकाहून रुंद असतो, म्हणून भोकं फार जवळ पाडली असतील तर नट नटाला घासतो. तारांच्या टोकांच्या चिमट्यांचीही तीच कथा: जपानी बटणाची पाती २.८ मिलिमीटरची, अमेरिकी मायक्रोस्विचची ४.८. चिमटा जुळत नसेल तर डाग द्यावा लागतो, आणि डाग दिलेलं बटण पुढच्या वेळी सहज निघत नाही. मी डाग टाळला. पुढच्या वेळी हे बटण मी नसताना पुतण्याला काढता आलं पाहिजे.

पुतण्या सातवीत आहे. त्याची पिढी मोबाइलवर अंगठ्याने खेळणारी. पेटीसमोर पहिल्यांदा बसला तेव्हा तो सहाही बटणं एका अंगठ्याने दाबू पाहायचा. त्याला म्हटलं, ‘बोटं पसर. प्रत्येक बोटाला त्याचं घर दे.’ काही दिवसांनी त्याचा हात कमानीवर बसला. मग एक मौज झाली. मला जी बटणं हवीहवीशी वाटत होती ती त्याला ताठ वाटू लागली, आणि त्याला आवडलेली मला इतकी हलकी, की विसावलेलं बोटही वार करून बसायचं. नारायणगाव तमाशाची पंढरी. इथल्या फडातला ढोलकीवाला दुसऱ्याने चढवलेल्या पुडीवर हात टाकत नाही, आधी कड्या सरकवून आपल्या बोटाला उतरेल इतकी ताणून घेतो. तसंच आम्हीही केलं. भोकं सगळी सारखी, म्हणून आत सगळी बटणं सारखी हवीत असा काही कायदा नाही. वरच्या ओळीतली पहिली दोन त्याच्या पसंतीची, हलकी जपानी. जोरकस ठोशाचं आणि जोरकस लाथेचं, म्हणजे कडेची दोन, जरा जड उसळीची, कारण करंगळी आपोआप खाली घसरते. उरलेल्या दोनसाठी आम्ही पुष्कळ वाद घातला. शेवटी आवाज कमी करणारी गादी आत असलेली, मऊ बटणं घेतली. आमच्या घरात टीव्हीच्या भिंतीपलीकडे आई झोपते, आणि रात्री दहानंतरच्या टिकटिकीत तिचाही वाटा धरायला हवा.

बोर्डाबद्दल थोडकंच सांगतो. आत ‘रास्पबेरी पाय पिको’ आहे, २०२१ मध्ये आलेला स्वस्त चिमुकला बोर्ड. त्यावर जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला खुला प्रोग्रॅम चालतो. बटणाचे संपर्क जुळताना क्षणभर थरथरतात. एक दाब यंत्राला दोन-तीन दाब वाटू शकतो. प्रोग्रॅम काही मिलिसेकंद थांबून थरथर विझू देतो. थांबणं किती, हे आपण ठरवायचं. पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला सतरा मिलिसेकंदांच्या आत वेळ मिळतो, आणि काही खेळांत एका चित्राएवढा उशीर म्हणजे हुकलेला वार. सर्वांत कमी थरथरणारी बटणं निवडली की हे थांबणं लहान ठेवता येतं. चांगलं बटण वेळ वाचवतं म्हणतात ते इतकं शब्दशः खरं आहे.

हे सगळं करताना ज्या वस्तूंना भोकंच नाहीत त्या सारख्या आठवत राहिल्या. टीव्हीच्या रिमोटचं रबर झिजलं की अख्खा रिमोट फेकायचा. मोबाइलच्या कडेचं बटण रुतलं की दुकानात नुसतं झाकण उघडायला अर्धा तास, तेही गोंद तापवून. शेगडीला, पंख्याला, मिक्सरलाही आता सपाट काच लावतात, जिच्यावर बोट टेकवायचं. कांदा काढून आलेल्या, मातीने माखलेल्या किंवा पाण्याने थबथबलेल्या बोटाला ती काच ओळखत नाही. शेतातल्या माणसाचा हात दिवसभर ओला किंवा मळलेला असतो. ज्याने ती काच आखली त्याच्या डोळ्यांसमोर हा हात नव्हता. बटणाला मळलेला हात चालतो. कोपर चालतं. अंधार चालतो. आणि ठरलेल्या मापाच्या भोकात बसवलेलं बटण गेलं तर ते आपलंच यंत्र राहतं, फक्त एक टोपी बदलायची असते. मला अशी यंत्रं हवीत, आणि माझ्या आजूबाजूच्या माणसांनाही तीच मिळावीत असं मनापासून वाटतं.

मंचरजवळ राहणारे माझे चुलते, नाना, दिवाळीत आले होते. पुतण्याने त्यांना पेटीसमोर बसवलं. त्यांनी हलकं बटण दाबलं, परत दाबलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ह्याला दाबल्याचं कळंना की रं. बटाण कसं, अंगठ्याला जाब देणारं पायजे.’ मग कडेचं जड बटण दाबून बघितलं आणि मान हलवली. ‘हां. हे बटाण.’ मी त्यांना सगळी खोक्यातली बटणं दिली. चाळीसेक वर्षं स्टार्टर दाबलेल्या त्या माणसाने एकेक बटण इतक्या बारकाईने तपासलं की मी बघत राहिलो. कुणी कधी त्यांना विचारलं नव्हतं की कसलं बटण हवं.

त्यांना विचारलं, ‘नाना, विहिरीवरच्या पेटीचं बटण घरी आणलं तर?’ मित्राला फोन लावला. तो म्हणाला, होतं की. स्टार्टरच्या आत बाहेरचं बटण जोडायला जागा ठेवलेलीच असते. घरच्या भिंतीवर साडेबावीसच्या भोकांची पेटी बसवायची, तिथून विहिरीपर्यंत केबल. नवं हिरवं बटण जुन्या हिरव्याला समांतर जोडायचं, म्हणजे दोन्हींतलं कुठलंही दाबलं तरी मोटार सुरू. नवं लाल जुन्या लालच्या रांगेत, म्हणजे कुठलंही दाबलं तरी बंद. फक्त ही ४१५ व्होल्टची वीज घराच्या भिंतीवर येणार. पेटी बंद झाकणाची, अर्थिंग पक्कं आणि केबल पोलादी कवचाची, यात तडजोड नाही.

मंचरला आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदाराने तयार जोडी पुढे केली. नाना म्हणाले, ‘थांब, उघडं दाखव.’ त्यांनी हिरवी बटणं एकामागून एक अंगठ्याने दाबून पाहिली आणि कड्यात खोल बुडालेलं, जड स्प्रिंगचं निवडलं, कारण ओट्यावर नातवंडं खेळतात. लालसाठी छत्रीसारखं रुंद डोकं. मग विचारलं, थ्री फेज आली की घरात बसून कळंल का? त्याच मापाच्या भोकात बसणारे तीन दिवे मिळाले, लाल, पिवळा, निळा. तिन्ही पेटले तरच मोटार लावायची, एखादा फेज गेलेला असला तर दिव्यावरच कळेल. आणि केबल मध्येच तुटली तर काय, हा त्यांचा शेवटचा प्रश्न. मित्राने समजावलं: लाल बटण रांगेत आहे, तार तुटली की कॉइलची वीज तुटते.

‘म्हंजी उंदरानं तार कुरतडून तोडली तर मोटार बंद पडंल, चालू नाय व्हायची.’

‘बरोबर.’

‘मंग दे.’

पेटी ओट्याच्या आतल्या भिंतीवर बसली आहे. उंची काकूंनी ठरवली. नाना बाजारला गेलेले असताना मोटार त्याच बंद करतात, आणि नानांच्या खांद्याशी लावलेली पेटी त्यांच्या हाताला येत नव्हती. मित्राने पहिली दोन स्क्रूची भोकं सिमेंटने बुजवली आणि पेटी वीतभर खाली घेतली. कांद्याची लागण उरकली की विहिरीपर्यंत चर खणायचा आहे.